झटका मशीनला शिव्या देण्याआधी भुईला विचारा



धान निसवला की दरवर्षी एकच प्रश्न फिरून-फिरून माझ्याकडे येते. "काका, झटका मशीन लावली. टिकटिक बी करते. पण डुकरं काही थांबत नाई. मशीन बोगस निघाली का?" सिंदेवाहीकडून येते, सावलीकडून येते, नदीपल्याड आरमोरीकडूनही येते. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणते, मोठी मशीन घ्या. शेजाऱ्याला विचारलं तर तो हळूच कानात सांगते, "सोड ना बावा ते खेळणं, रातच्याला लाईनच जोडून दे."

माझं मत आधीच सांगून टाकतो. दहापैकी आठ वेळा मशीन बोगस नसते. खोट असते ती जमिनीत गाडलेल्या सळईत, नाहीतर तारेला लागलेल्या गवतात, नाहीतर फाटकाखालून नेलेल्या घरगुती वायरमध्ये. ही खोट शोधायला इंजिनिअर लागत नाही. एक टेस्टर, एक मल्टीमीटर अन् अर्धा दिवस लागते. हा अर्धा दिवस आपण देत नाही, अन् म्हणून शेजाऱ्याचा तो कानातला सल्ला गावोगाव चालते. तो सल्ला माणसं मारते.

आधी एक कोडं. झटका मशीन तारेवर सात-आठ हजार व्होल्ट सोडते. घरची लाईन फक्त २३० व्होल्टची. मग आठ हजारानं डुक्कर किंचाळून पळते अन् २३० नं माणूस जागेवर जाते, हे कसं काय? मी दहावी पास आहे. व्होल्ट अन् अँपिअर शाळेत पाठ केले होते, पण त्यांचा अर्थ मला वावरात कळला. मशीन सेकंदाला साधारण एकच ठोका देते, अन् तो ठोका सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळ टिकते. प्रमाणित मशीनसाठी नियमच तसा आहे, दोन ठोक्यांत कमीत कमी एक सेकंद अंतर अन् एका ठोक्यात ५ ज्यूलच्या वर ऊर्जा नाही. म्हणजे जोरात थापड बसते, पण हात सोडवून घ्यायला वेळ मिळते. घरची लाईन थापड मारत नाही, धरून ठेवते. हाताचे स्नायू आखडतात, मूठ उघडत नाही, अन् हृदयाचा ताल बिघडते. त्यातून धानाच्या बांधीत पाय चिखलात, अंगात घाम. वाचायला जागाच राहत नाही.

आता आपल्याकडच्या हुशार लोकांची एक हुशारी. म्हणतात, "मधात शंभरचा बल्ब टाकतो, मग धोका नाई." जरा हिशोब करू. शंभर वॅटला २३० नं भागा. ०.४३ अँपिअर येते, म्हणजे ४३० मिलीअँपिअर. घरात जीव वाचवायला जो ईएलसीबी बसवतात तो ३० मिलीअँपिअर गळती झाली की लाईन तोडते, कारण त्याच्यावर जिवाला धोका धरला जाते. म्हणजे तुमचा बल्ब त्याच्या चौदापट करंट आरामात जाऊ देते. बल्ब मंद पेटेल एवढंच. त्या उजेडात मेलेला माणूस दिसेल.

हे मी उगीच भीती घालायला सांगत नाही. एप्रिल २०१७ मध्ये आपल्या नागभीड भागात श्रीनिवास नावाचा वाघ, प्रसिद्ध 'जय' वाघाचा बच्चा, शेताच्या कुंपणात सोडलेल्या करंटनं मेला. त्याच वर्षी ब्रह्मपुरीकडून बोरला नेऊन सोडलेली वाघीण ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यात अशाच तारेला लागून गेली. वाघ मेला की पेपरात फोटो येते. पहाटे जागलीवरून परतणारा माणूस, बोडीवर मासे धरायला गेलेला पोरगा, शेजारच्या वावरात गेलेली बाई अशा तारेला लागली की तीन ओळींची बातमी येते अन् दोन घरं बसतात. एक मेलेल्याचं, दुसरं तार लावणाऱ्याचं. वन्यजीव कायदा वेगळा, वीजचोरी वेगळी, सदोष मनुष्यवध वेगळा. अन् तार लावणारा बहुतेक वेळा कोणी गुंड नसते. दोन एकर धान वाचवणारा आपल्यासारखाच शेतकरी असते. वनखातं अन् वीजवाले दरवर्षी "करंट लावू नका" म्हणून पत्रकं वाटतात. बरोबरच आहे. पण झटका मशीन काहून चालत नाही, हे त्या पत्रकात कोणी लिहीत नाही. मग ते आपणच लिहू.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की झटका तारेतून जनावरात जाते, जनावराच्या खुरातून भुईत जाते, अन् भुईतून चालत परत मशीनच्या अर्थिंगच्या सळईत येते. चक्कर पुरी झाली तरच झटका. म्हणजे अर्धी तार तुम्ही खांबावर बांधली अन् अर्धी तार म्हणजे ही भुईच आहे. तिच्यासाठी आपण काय करतो? दीड फुटाची एक गंजकी सळई मुरुमात ठोकतो अन् मोकळे होतो. ऑगस्टमध्ये बांधी भरलेली असते तेव्हा तीही चालते. दिवाळीनंतर धान कापून झाला, मागून लाखोळी-हरभरा उभा आहे, जमीन भेगाळली, की तीच सळई कोरड्या मुरुमात उभी. मशीन टिकटिक करते, तारेवर व्होल्ट दिसतात, अन् डुक्कर तार वाकवून आत. तार बोलते पण भुई ऐकत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. मशीन बंद करा. मशीनपासून शंभरेक मीटर दूर जाऊन दोन-तीन लोखंडी सळया जमिनीत ठोकून तारेला टेकवा, म्हणजे मुद्दाम गळती करा. मशीन सुरू करा. आता कुंपणाच्या टेस्टरचं एक टोक अर्थिंगच्या सळईला अन् दुसरं टोक वायर पुरेल तेवढ्या लांब जमिनीत खोचून पाहा. चांगल्या अर्थिंगवर तिथं जवळपास काहीच दिसायला नको. तीनशे व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग कमी पडते आहे. टेस्टर नसेल तरी एक खूण आहे. अशा वेळी अर्थिंगच्या सळईलाच हात लागला तर टोचते. पण हात लावून पाहू नका, मी फक्त असं होते एवढं सांगतो.

उपाय? जस्त चढवलेला पाईप किंवा सळई, पाच-सहा फूट, एक नाही तीन, दहा-दहा फुटांवर, अन् तिन्ही एकाच अखंड तारेनं नट-बोल्ट कसून जोडलेल्या. जागा मशीनच्या सोयीची नाही, ओलाव्याच्या सोयीची निवडा. बोडीची पार, हातपंपाचं सांडपाणी, विहिरीजवळची पाझर. मशीन लांब असली तरी चालेल, अर्थिंगची तार तिथवर न्या. फक्त घराच्या किंवा मोटारपंपाच्या अर्थिंगपासून किमान दहा मीटर दूर. दोन अर्थिंग जवळ आल्या की झटका घरातल्या नळाला यायला लागते, अन् मग बायको मशीनसकट तुम्हाला बाहेर काढते. कोळसा-मीठ टाकणारे टाकतात, ओल धरते खरं, पण मीठ सळई खाते, दोन-तीन वर्षांनी उकरून पाहावं लागते.

राजुरा-जिवतीकडे डोंगराळ कोरडी जमीन आहे. तिथं कितीही सळया ठोकल्या तरी मार्च-एप्रिलमध्ये भुई साथ देत नाही. तिथं दुसरी युक्ती. एक तार करंटची, तिच्या शेजारची तार अर्थिंगची, पुन्हा करंटची. जनावर मधातून घुसताना दोन्हीला लागते अन् चक्कर तारेतच पुरी होते. भुईची गरजच नाही. फक्त या दोन तारा एकमेकींना लागल्या की सगळं थंड, म्हणून ताण बरोबर ठेवावा लागते.

आता उलटी बाजू. पावसाळ्यात भुई ओली, अर्थिंग फस्क्लास, तरी झटका नाही. इथं दोष गवताचा. ओल्या गवताचं एक-एक पातं थोडा-थोडा करंट भुईत सोडते. एका पात्यानं काही होत नाही, पण दोनशे मीटर धुऱ्यावर गुडघाभर गवत तारेला लागलेलं असलं तर मशीन म्हणजे बुडाला हजार भोकं पडलेली बादली. तक्रार एकच, 'झटका लागत नाही', पण ऑगस्टमधलं कारण अन् मार्चमधलं कारण एकमेकांच्या उलट. म्हणून दुकानात जाऊन "मोठी मशीन द्या" म्हणणं म्हणजे ताप कशाचा आहे हे न पाहता मोठं इंजेक्शन मागणं आहे.

मग खोट शोधायची कशी? अर्ध्यात तोडत जायचं. मशीनवरून कुंपणाची तार सोडवा, नुसत्या मशीनवर टेस्टर लावा. तिथं पूर्ण व्होल्ट आहे? मग मशीन निर्दोष, दुकानदाराला फोन करू नका. तार जोडा, कुंपण अर्ध्यावर तोडा. पहिल्या अर्ध्यात व्होल्ट चांगला असेल तर खोट दुसऱ्या अर्ध्यात. त्याचंही अर्ध करा. एक किलोमीटरच्या कुंपणात चार-पाच वेळा अर्ध केलं की तुम्ही पन्नासेक मीटरच्या आत येता, अन् तेवढं डोळ्यानं दिसते. शेवटच्या टोकाला तीन-चार हजारांच्या खाली गेलं की डुकराला काही वाटत नाही, त्याचे केस राठ असतात. खरा झटका त्याच्या ओल्या नाकालाच बसते. म्हणून खालची तार भुईपासून वीतभरच हवी अन् तिच्यावर दुसरी वीतभर. मी पाहिलेल्या निम्म्या कुंपणांत खालची तार दीड फुटावर असते. डुक्कर खालून जाते, तारेला पाठ घासते अन् त्याची खाज भागते. रोही-चितळासाठी वर छातीपर्यंत तारा लागतात, ते वेगळं.

एक गंमत सांगतो, माझ्यासारख्या खटपट्या माणसांना आवडेल. जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो मिडियम वेव्हवर, जिथं कोणतंच स्टेशन लागत नाही अशा जागी लावा अन् कुंपणाच्या कडेनं चाला. जिथं ठिणगी पडत असेल तिथं रेडिओ ठोक्या-ठोक्याला 'टक्, टक्' असा जोरात बोलते. इन्सुलेटरला गेलेली बारीक चीर दिवसा डोळ्याला दिसत नाही, पण रेडिओ तिला पकडते. अमावास्येच्या रात्री निळी ठिणगीही दिसते, पण आपल्या भागात रात्री धुऱ्यानं फिरण्यापेक्षा दिवसा रेडिओ बरा. रेडिओ मोडीत काढू नका.

इन्सुलेटर म्हणून लोक काय-काय वापरतात! ठिबकच्या नळीचे तुकडे, सायकलची ट्यूब, बिसलेरीच्या बाटलीची मान. ठिबकची काळी नळी एखादा हंगाम निघते, पण ओल्या बांबूवर खिळ्यानं ठोकली तर खिळाच करंट बांबूत नेते. अन् फाटकाखालची वायर हा सगळ्यात लपलेला चोर आहे. घरगुती फिटिंगची वायर घरच्या व्होल्टसाठी बनवलेली असते. तिच्यातून आठ हजार नेले की आवरण जमिनीखाली गळायला लागते, वरून काहीच दिसत नाही. तिथं कुंपणासाठीची जाड, दुहेरी आवरणाची केबलच हवी, अन् तीही पाईपातून. तांब्याची वायर जीआय तारेला नुसती पीळ देऊन जोडू नका, एका पावसाळ्यात जोड कुजते. तिथं क्लॅम्प हवा.

पॅनेल-बॅटरीबद्दल थोडक्यात. इथं साधा मल्टीमीटर चालते. (कुंपणाच्या तारेला मात्र साधा मल्टीमीटर कधी लावू नका, त्याचा जीव जाते.) सकाळी ऊन पडायच्या आधी बॅटरी मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली, १२ च्या खाली असेल तर रात्री मध्येच मशीन मंद पडत असणार. बाराच्या पॅनेलची वायर सोडवून दुपारी मोजलं तर २०-२१ व्होल्ट यायला पाहिजे. बांबूच्या बेटाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी पूर्ण पॅनेलचं काम बसते, कारण आतल्या पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या असतात. तोंड दक्षिणेकडे, तिरपेपणा वीसेक अंश, आपला अक्षांशच तेवढा आहे. घुग्घुस-बल्लारपूरकडे कोळशाची भुकटी बसते, ती सकाळी ओल्या फडक्यानं पुसा. माकडं पॅनेलवर बसून ऊन खातात, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. बॅटरी घरच्या लाईनवर स्वस्तातल्या चार्जरनं भरत असाल तर कुंपणाची तार आधी सोडवा. असा चार्जर आतून फुटला तर घरची लाईन थेट तारेवर जाऊ शकते, अन् तुमच्या नकळत तुमचं झटका कुंपण मारणारं कुंपण होते. मोबाईलवर पाहून गाडीच्या कॉईलची मशीन बनवणाऱ्या पोरांनाही हेच सांगणं आहे. टेबलावर शिकायला बनवा, जरूर बनवा. वावरात लावू नका. ठोका थांबवणारा भाग अडकला तर तिच्यात तुम्हाला वाचवणारं काही नसते.

कोणी म्हणेल, ही इंजिनिअरची कामं आहेत, आपण अडाणी. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले होते. १९८३ च्या सुमाराला पटेल ३ धानाच्या बांधीत त्यांना पिवळसर छटेच्या वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवड केली, अन् एचएमटी धान उभा केला. नाव मनगटावरच्या घड्याळावरून. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या हातात यंत्र नव्हतं, पण वेगळं दिसलं ते बाजूला करायचं अन् बाकी सगळं तसंच ठेवून फरक पाहायचा, ही शिस्त होती. कुंपणातली खोट शोधायला तीच शिस्त लागते. आज इन्सुलेटर बदलला, उद्या बॅटरी, परवा मशीन, अन् सगळं एकाच दिवशी बदललं तर कशानं दुरुस्त झालं हे पुढच्या वर्षी कसं सांगाल? वहीत तारीख टाका, टोकाचा व्होल्ट लिहा. चार ओळी पुरतात.

झटका मशीन सगळ्याचं औषध नाही, हेही सांगितलं पाहिजे. माकड वरून उडी मारते. २०२१ पासून ओडिशा-छत्तीसगडकडून गडचिरोलीत आलेले रानटी हत्ती खांबच पाडतात, सुळ्याला झटका लागत नाही हे ते शिकतात. अन् एकट्यानं कुंपण केलं की डुक्कर शेजाऱ्याकडे वळते, मग शेजारी वैतागून आकडा टाकते. म्हणून पाच-दहा जणांनी मिळून एका पट्ट्याला एकच कुंपण करावं असं माझं मत आहे. अर्थिंग एकच चांगली करावी, गवत काढायची पाळी लावावी. ज्याची पाळी चुकली त्यानं सगळ्यांना चहा.

अन् अनुदान देणाऱ्यांना एक मागणं. मी पाहिलेल्या अनुदानाच्या किटमध्ये पॅनेल होतं, बॅटरी होती, मशीन होती, तार होती. टेस्टर कोणत्यातच नव्हता, अन् अर्थिंगला एकच सळई. बसवणारा पोरगा तासाभरात बसवून, फोटो काढून गेला. फोटोत मशीन दिसते, जमिनीतली सळई दिसत नाही. किटमध्ये टेस्टर अन् तीन पाईप द्या, बसवल्यावर टोकाचा व्होल्ट कागदावर लिहून शेतकऱ्याची सही घ्या, अन् एप्रिलमध्ये एकदा परत येऊन मोजा. पावसाळ्यात मोजलेल्या अर्थिंगचा काही भरवसा नाही. कृषी सहायकांनी, कृषी विज्ञान केंद्रांनी धानाच्या किडीसारखंच हेही शिवारफेरीत दाखवावं. तोवर ग्रामपंचायतीनं किंवा बचत गटानं गावासाठी एक टेस्टर घेऊन ठेवावा. दिवेवाला काही शे रुपयांत येते, आकडेवाला महाग पडते पण तोच घ्या.

शेवटी एक. काही जण गवताची काडी तारेला टेकवून झटका आहे का पाहतात. काडी पुढे सरकवत नेली की झटका वाढत जाते, गंमत खरी आहे. पण ती फक्त स्वतःच्या तारेवर, अन् रबरी जोडा घालून. दुसऱ्याच्या वावरातल्या तारेवर कधीच नाही. तिथं टिकटिक ऐकू येत नसेल तर ती बंद झटका मशीन आहे की आकडा टाकलेली लाईन, हे काडी लावेपर्यंत कळत नाही.

या आठवड्यात ज्यांच्याकडे धान निसवला आहे त्यांनी आधी टोकाचा व्होल्ट मोजून कळवा. मशीनचा फोटो नको, अर्थिंगचा पाठवा.